विहिरीच्या काठावरचा ग्रहांचा भूगोल

२३ ऑगस्ट २०२३ रोजी ‘चांद्रयान-३’चा ‘विक्रम’ चंद्राच्या दक्षिण ध्रुवानजीकच्या प्रदेशात सुखरूप उतरला, तो क्षण महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांतून मुलांनी एकत्र बसून पाहिला. पुढे विज्ञान प्रदर्शनांतून पुठ्ठ्याच्या ‘विक्रम’ची आणि खेळण्यातल्या चाकांवर धावणाऱ्या ‘प्रज्ञान’ची रेलचेल झाली. या उत्साहाला नाके मुरडण्याचे काहीच कारण नाही. परंतु याच विद्यार्थ्यांपैकी एखाद्याला, ‘तुझ्या शाळेच्या पायाखाली कोणता खडक आहे आणि तो तेथे कसा आला?’ असे विचारले, तर बहुधा ‘काळा दगड’ एवढेच उत्तर येईल. शिक्षकाचे उत्तरही फार पुढे जाण्याचा संभव कमी. त्यात शिक्षकाचा दोष नाही. त्यालाही हे कोणी शिकविलेले नसते. दहावीपर्यंतच्या अभ्यासक्रमात भूशास्त्र हा स्वतंत्र विषय नाही, आणि भूगोलाच्या पुस्तकात खडकांचे जे प्रकार येतात ते व्याख्या पाठ करण्यापुरते येतात.

ग्रहांच्या पाठाची गत याहून निराळी नाही. ग्रहाचे नाव, सूर्यापासूनचे अंतर, व्यास, उपग्रहांची संख्या असे कोष्टक वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिले जाते आणि परीक्षेत परत मागितले जाते. २००६ साली प्लूटो ग्रहांच्या यादीतून वगळला गेला तेव्हा त्या कोष्टकातील एक ओळ कमी झाली, एवढीच त्या घटनेची वर्गातील नोंद. बुध, शुक्र, पृथ्वी, चंद्र आणि मंगळ यांचे पृष्ठभाग कशाचे आहेत, ते तसे का झाले, त्यांच्या पोटात काय आहे आणि हे माणसाला कळले कसे, हे प्रश्न त्या कोष्टकात बसत नाहीत म्हणून ते विचारलेही जात नाहीत. वस्तुतः या प्रश्नांचा अभ्यास करण्यास महाराष्ट्राइतकी सोयीची भूमी जगात फार थोड्या ठिकाणी असेल. आणि ज्या खडकावर आपले राज्य उभे आहे त्याची अंतर्रचना जाणणे ही पुस्तकी हौस नाही, हे अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका लहानशा गावाने दाखवून दिलेले आहे.

हिवरे बाजारचे नाव वाचकांना नवीन नाही. नगर तालुक्यातले हे गाव अवर्षणप्रवण टापूत मोडते; सरासरी पाऊस जेमतेम चारशे मिलिमीटर. १९७२ च्या दुष्काळाने या गावाची घडी विस्कटली. डोंगर उघडे पडले, विहिरी आटल्या, माणसे पोटासाठी बाहेर पडली. १९८९ साली वाणिज्य शाखेची पदव्युत्तर पदवी घेतलेल्या पोपटराव पवार यांच्याकडे ग्रामस्थांनी सरपंचपद सोपविले. त्यानंतरची हकिगत अनेकवार सांगितली गेली आहे: श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, डोंगरउतारावरचे सलग समपातळी चर, ओढ्यांवरचे बंधारे, आदर्श गाव योजनेतला समावेश, गावाकडे परतलेली कुटुंबे आणि २०२० साली पवारांना जाहीर झालेली ‘पद्मश्री’. ही हकिगत सांगताना भर नेहमी नेतृत्व, एकजूट आणि शिस्त यांवर दिला जातो, आणि तो योग्यच आहे. मात्र त्या गावाच्या दोन निर्णयांकडे शास्त्राच्या दृष्टीने जेवढे लक्ष जायला हवे होते तेवढे गेलेले नाही. पहिला निर्णय शेतीसाठी बोअर घेण्यास मनाई करण्याचा. दुसरा, दरवर्षी पावसाळा संपल्यावर ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडण्याचा. किती पाऊस पडला, विहिरींच्या पातळ्या काय आहेत, माणसांच्या व जनावरांच्या पिण्यासाठी किती राखायचे, हे ठरल्यावर मग रब्बीची पिके ठरतात. उसाला आणि केळीला त्या हिशेबात जागा नाही.

हे दोन्ही निर्णय खडकाच्या रचनेवर उभे आहेत. गावाचे क्षेत्र सुमारे ९७६ हेक्टर धरले, तर चारशे मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे ३९ लाख घनमीटर पाणी. आठवीतल्या मुलाला करता येईल असा हा गुणाकार आहे. आकडा मोठा वाटतो. परंतु त्यातले बरेचसे वाहून जाते किंवा वाफ होऊन उडते, आणि जे मुरते ते मुरणार कोठे, हा खरा प्रश्न. गंगेच्या खोऱ्यातल्या गाळाच्या भूमीत पाण्याला वाळूचे जाड थर मिळतात. आपल्याकडे असतो तो बेसाल्ट, म्हणजे थिजलेला शिलारस. या खडकाच्या शंभर घनमीटर आकारातून विहिरीच्या उपयोगी पडणारे पाणी फार तर दोन-तीन घनमीटर. एवढ्या कृपण तिजोरीचा हिशेब ठेवल्यावाचून गत्यंतर नाही, हे ज्या ग्रामसभेला उमगले तिने भूशास्त्राचा पहिला धडा चांगलाच आत्मसात केला असे म्हटले पाहिजे.

ही तिजोरी कशी घडली ते थोडे विस्ताराने पाहणे इष्ट आहे, कारण ग्रहांच्या भूगोलाची किल्ली येथेच आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूकवचाला पडलेल्या लांबच लांब भेगांतून शिलारसाचे लोट बाहेर आले आणि पठारभर पसरले. एका लोटावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा, असे हे थर साचत गेले. आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर क्षेत्र या खडकाने व्यापले आहे. शास्त्रज्ञ त्याला ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात. ट्रॅप या शब्दाचे मूळ स्वीडिश भाषेतील पायरी या अर्थाच्या शब्दात आहे. सह्याद्रीचे डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात ते यामुळे. प्रत्येक लोटाचा वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला असतो, आणि मागाहून त्या पोकळ्यांत पांढरी-हिरवी खनिजे भरतात. आपले विहीर खोदणारे त्याला मांजऱ्या खडक म्हणतात. लोटाचा खालचा भाग सावकाश थिजल्याने घट्ट असतो; तो काळा पाषाण. दोन लोटांमध्ये बराच काळ गेला असेल तर मधल्या पृष्ठभागाची माती झालेली असते, आणि पुढच्या तप्त लोटाखाली दबून तिचा लाल, गेरूसारखा पट्टा तयार होतो. घट्ट पाषाणाचा कडा होतो, मऊ थराचा उतार होतो. आपल्या गडांचे कडे आणि माच्या पुष्कळदा या थरांच्याच देणग्या आहेत. गड बांधणाऱ्यांना भूशास्त्राचे नाव ठाऊक नसले तरी कोठे कोरावे आणि कोठे टाके खोदावे हे नेमके ठाऊक होते.

पाणी राहते ते वरच्या मुरमात, मांजऱ्या खडकात, पाषाणाच्या सांध्यांत आणि दोन लोटांच्या सांधीत. साधी विहीर हाच वरचा साठा वापरते, आणि तो दर पावसाळ्यात भरून निघू शकतो. खोल बोअर मात्र एकामागून एक लोट भेदीत जाते. खालच्या भेगांत पाणी लागले तर ते कित्येक वर्षांचे साचलेले असते. लागले नाही तर वरच्या साठ्यातले पाणी त्या छिद्रावाटे खाली उतरण्याचा धोका असतो. शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी आपल्या बोअरने पळविले, ही तक्रार नगर, बीड, धाराशिव या जिल्ह्यांत नित्याची आहे. राज्याने भूजलाचा कायदा केला, तो २०१४ पासून लागू झाला, साठ मीटरांहून खोल विहिरींवर त्यात निर्बंध आहेत. त्याची अंमलबजावणी कशी होते हे रात्री-अपरात्री गावोगाव घरघरणाऱ्या बोअरच्या गाड्याच सांगतील. हिवरे बाजारने कायद्याची वाट पाहिली नाही. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. याच खडकावर वसलेली शेकडो गावे आजही टँकरकडे डोळे लावून बसतात. तेव्हा केवळ खडक समजला म्हणून गाव सुधारते असा दावा करता येणार नाही. पण खडक न समजता घेतलेले निर्णय फसतात, हे त्या शेकडो गावांतल्या कोरड्या बोअरनी सिद्ध केले आहे.

आता हाच बेसाल्ट हातात घेऊन आकाशाकडे वळता येईल. पौर्णिमेच्या चंद्रावर जे काळसर डाग दिसतात, ज्यांत आपल्या आजीने सशाला बसविले, त्यांना गॅलिलिओनंतरच्या ज्योतिषांनी समुद्र म्हटले. जुलै १९६९ मध्ये ‘अपोलो-११’चे अंतराळवीर ‘शांतिसागरा’त उतरले आणि त्यांनी खडक आणले, तेव्हा तो समुद्र थिजलेल्या बेसाल्टचा ठरला. आपल्या पठाराचा खडक साडेसहा कोटी वर्षांचा, तर चंद्राचा साडेतीन अब्ज वर्षांहून जुना. पण जात एकच. चंद्राचा उजळ भाग मात्र निराळ्या, फिकट खडकाचा आहे. म्हणूनच ‘चांद्रयान’ मोहिमांच्या तयारीसाठी चंद्रावरच्यासारखी कृत्रिम माती बनविण्याची वेळ आली, तेव्हा भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने दख्खनचा काळा दगड घेतला नाही; तमिळनाडूतील सित्तमपुंडी येथला अनॉर्थोसाइट हा फिकट खडक निवडला. ध्रुवाजवळ उतरायचे होते, काळ्या डागांत नव्हे. एवढा एक तपशील वर्गात समजावून दिला, तर मुलाला चंद्राचे दोन रंग जन्मभर लक्षात राहतील.

मग चंद्रावर आपल्यासारखा मुरूम का नाही, काळी माती का नाही? कारण तेथे हवा नाही, वाहते पाणी नाही. आपल्याकडे खडकाची माती होते ती पावसाने, उन्हाने, मुळांनी आणि किड्यामुंग्यांनी. चंद्रावरचा खडक भुगा झाला तो बारीकमोठ्या अशनींच्या माऱ्याने. काळ्या डागांवर या भुग्याचा थर साधारण चार-पाच मीटर जाडीचा आहे. हा भुगा उष्णतेचा इतका दुर्वाहक आहे की ‘विक्रम’बरोबरच्या तापमापकाला पृष्ठभागाशी पन्नास अंशांहून अधिक तापमान आढळले, आणि अवघ्या आठ सेंटिमीटर खाली ते शून्याखाली दहा अंशांच्या आसपास होते. वैशाखात शेतातल्या मातीत आठ सेंटिमीटरांवर थर्मामीटर खुपसून हाच प्रयोग कोणत्याही शाळेला करता येतो. फरक किती कमी पडतो, आणि का, हे मुलांनीच शोधावे.

शुक्राची कथा अधिक भयंकर आहे. पृष्ठभागावर सुमारे ४६५ अंश तापमान आणि आपल्या नव्वदपट वायुदाब. तरीही मार्च १९८२ मध्ये रशियाचे ‘व्हेनेरा-१३’ तेथे १२७ मिनिटे तग धरून राहिले. त्याने पाठविलेल्या चित्रांत पापुद्र्यासारख्या चपट्या कातळाच्या लाद्या दिसतात, आणि तेथल्या खडकाची घटकद्रव्ये बेसाल्टशी जुळणारी निघाली. पुढे १९९० ते १९९४ या काळात ‘मॅगेलन’ यानाने ढगांआडून रडारने नकाशा काढला तेव्हा शुक्राचा बहुतेक भाग शिलारसाच्या मैदानांनी व्यापलेला आढळला. तेथे सुमारे ६८०० किलोमीटर लांबीचा एक चर आहे. गंगेच्या लांबीच्या अडीचपटींहून अधिक. तो पाण्याने नव्हे, वाहत्या शिलारसाने कोरला असावा. जाता जाता सांगण्यासारखे म्हणजे, शुक्रावरच्या विवरांना स्त्रियांची नावे देण्याचा संकेत असल्यामुळे तेथल्या एका विवराला आनंदीबाई जोशी यांचे नाव मिळाले आहे. १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झालेली आणि बाविसाव्या वर्षाच्या आत निवर्तलेली ही मुलगी आपल्याला शाळेच्या पुस्तकातून माहीत असते. तिच्या नावाचे विवर बेसाल्टच्या मैदानांच्या ग्रहावर आहे, हे मात्र माहीत नसते.

तथापि आपल्या पठाराचे खरे भावंड कोणते असे विचारले तर मी मंगळाकडे बोट दाखवीन. तेथला ऑलिंपस पर्वत बावीस किलोमीटरांच्या आसपास उंच आणि सहाशे किलोमीटर रुंद; तो बेसाल्टी शिलारसाच्या थरांनीच वाढत गेला. पण साम्य केवळ ज्वालामुखीचे नाही. मंगळावर एके काळी पाणी वाहिले. डोंगरउतारावरून ओहोळ, ओहोळांचे ओढे, ओढ्यांची नदी अशी जाळी तेथे स्पष्ट दिसते. पाणलोट क्षेत्राचा नकाशा ज्याने कधी पाहिला आहे, त्याला ते चित्र समजायला अवघड जाणार नाही. जानेवारी २००४ मध्ये ‘स्पिरिट’ ही गाडी गुसेव्ह विवरात उतरली ती जुन्या सरोवराचा गाळ सापडेल या आशेने, आणि पहिल्या फेरीत तिच्या हाती लागला तो बेसाल्टच. शास्त्रज्ञांची निराशा झाली; आपल्याकडे पाणी शोधताना काळा पाषाण लागलेल्या शेतकऱ्याला ती निराशा परिचयाची आहे. ऑगस्ट २०१२ मध्ये गेल विवरात उतरलेल्या ‘क्युरिऑसिटी’ला मात्र जुन्या तळ्याचा चिखलाचा खडक सापडला, आणि त्यात स्मेक्टाइट या गटातली मृद्‌खनिजे भरपूर आढळली.

हा स्मेक्टाइट म्हणजे कोणी परका नव्हे. नगर जिल्ह्याच्या सखल शिवारांतली काळी माती पावसात फुगते, चिकटते, आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या याच गटाच्या खनिजांमुळे. बेसाल्टवर पाण्याची प्रदीर्घ क्रिया झाली की ही खनिजे तयार होतात. म्हणजे जी काळी माती आपण पायाने तुडवितो ती, या खडकाशी पाण्याचा दीर्घकाळ संग घडला होता, याची साक्ष आहे. आणि मंगळावर तीच साक्ष शोधण्यासाठी माणसाने अब्जावधी रुपये खर्चून गाड्या पाठविल्या. कापसाच्या आणि ज्वारीच्या शेतातल्या मुलाला हे कोणी सांगितले आहे काय?

लोणारविषयी तर स्वतंत्रच लिहायला हवे. बुलढाणा जिल्ह्यातले हे सरोवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवरात आहे. ज्वालामुखीच्या प्रदेशातले विवर, तेव्हा ते ज्वालामुखीचेच असणार, असा समज पुष्कळ काळ होता आणि तो अडाणीपणाचा नव्हता. १८९६ मध्ये अमेरिकन भूशास्त्रज्ञ गिल्बर्ट यांनी ॲरिझोनातल्या विवराशी त्याची तुलना केली होती. निर्णायक पुरावा आला तो १९७३ साली. अमेरिकन आणि भारतीय भूशास्त्रज्ञांनी मिळून सरोवराच्या तळाखाली छिद्रे घेतली, वर काढलेला खडक तपासला, आणि त्यातल्या फेल्डस्पारचे स्फटिक प्रचंड आघाताने काचेसारखे झालेले आढळले. असा आघात ज्वालामुखी करू शकत नाही, अशनीच करू शकतो. या काचेला मॅस्केलिनाइट म्हणतात, आणि ती प्रथम ओळखली गेली ती भारतातच पडलेल्या एका दगडात: १८६५ साली बिहारमधल्या शेरघाटी येथे पडलेल्या अशनीत. तो दगड मंगळावरून आला होता हे आज आपल्याला माहीत आहे. मंगळावर एखादा अशनी आदळला, बेसाल्टचा तुकडा उडाला, अवकाशात भटकला आणि बिहारमध्ये पडला. त्याच्या अंगावरची आघाताची खूण आणि लोणारच्या खडकातली खूण एकच. लोणारचे वय एके काळी पन्नास हजार वर्षे सांगत. खडकाच्या किरणोत्सारी मापनाने ते पाच लाख सत्तर हजार वर्षांच्या आसपास आले आहे. बेसाल्टमध्ये अशनीने पाडलेली विवरे पृथ्वीवर मोजकीच आहेत, आणि त्यांत लोणार सर्वांत उत्तम टिकलेले आहे. म्हणून मंगळाचा अभ्यास करणारे परदेशांतून लोणारला येतात; मंगळावरच्या एका विवरालाही लोणारचे नाव आहे. आपल्या शाळांच्या सहली मात्र कोठे जातात हे पालकांना सांगण्याची गरज नाही. २०२० साली पाणी गुलाबी झाले तेव्हा लोणारला गर्दी उसळली, आणि रंग उतरला तशी ओसरली.

पृष्ठभागाचे झाले, पोटात काय आहे ते कळते कसे? याही प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी महाराष्ट्राबाहेर जावे लागत नाही, दुर्दैवाने. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप यांनी आपल्याला हा धडा फार महाग किंमतीला शिकविला. भूकंपाच्या लाटा ज्या ज्या थरातून जातात त्या त्या थराप्रमाणे त्यांचा वेग आणि दिशा बदलते. त्यावरून कवच, प्रावरण आणि गाभा यांची जाडी काढता येते. कोयनेच्या परिसरात गोठणे येथे २०१७ साली तीन किलोमीटर खोल छिद्र पूर्ण झाले. सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्ट लागला आणि त्याखाली प्राचीन ग्रॅनाइटी खडक. किल्लारीला भूकंपानंतर छिद्र घेतले तेथे बेसाल्ट ३४० मीटरांच्या आतच संपला. पश्चिमेकडून पूर्वेकडे आपल्या पठाराची जाडी कशी उतरत जाते, हे दोनच आकड्यांत समजते. मंगळावर हेच काम ‘इनसाइट’ या यानाने २०१८ ते २०२२ या काळात केले. एकच भूकंपमापक, पण त्याने टिपलेल्या हादऱ्यांवरून मंगळाचा गाभा द्रवरूप असून त्याची त्रिज्या १६५० ते १८५० किलोमीटरांच्या दरम्यान आहे, असे निष्कर्ष निघाले. बुधाचा गाभा तर त्याच्या त्रिज्येच्या चार पंचमांशांहून अधिक भाग व्यापतो, आणि तो ग्रह थंड होताना आकसल्यामुळे त्याच्या कवचाला शेकडो किलोमीटर लांबीचे कडे पडले आहेत. गुरू-शनींना पाय टेकायला पृष्ठभागच नाही. त्यांची गोष्ट वेगळी, आणि ती येथे लांबविण्यात अर्थ नाही.

‘इनसाइट’च्या मोजणीवरूनच ऑगस्ट २०२४ मध्ये काही शास्त्रज्ञांनी असा निष्कर्ष मांडला की मंगळाच्या कवचात सुमारे साडेअकरा ते वीस किलोमीटर खोलीवर अग्निजन्य खडकाच्या भेगा पाण्याने भरलेल्या असाव्यात. हे अनुमान आहे. सर्वांनी ते स्वीकारलेले नाही, आणि एका यंत्राच्या नोंदींवर केवढा विश्वास टाकावा याविषयी मतभेद राहणारच. पण प्रश्नाचे स्वरूप पाहा. न दिसणाऱ्या खडकाच्या भेगांत पाणी किती आहे, हे वरून घेतलेल्या मोजणीने ठरवायचे. हिवरे बाजारची ग्रामसभा दर पावसाळ्यानंतर विहिरींच्या पातळ्या घेऊन बसते तेव्हा ती नेमका हाच प्रश्न सोडवीत असते. फरक इतकाच की तिचे उत्तर चुकले तर त्या वर्षीची रब्बी जाते.

यावर दोन आक्षेप येतील हे मी जाणतो. पहिला असा की, विज्ञानाला असे गावाच्या उपयोगाशी बांधू नये. शनीची कडी मुलाला निव्वळ आश्चर्य म्हणून दाखविली तरी पुरे. या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु आश्चर्य आणि उपयोग यांचे वैर असल्याचे मला तरी दिसलेले नाही. विहिरीतल्या लाल पट्ट्याकडे बोट दाखवून, ‘येथे एक जमीन होती, तिच्यावर ऊन-पाऊस पडत होता, आणि मग तिच्यावर तप्त शिलारस आला,’ असे सांगितले तर कोणत्या मुलाला आश्चर्य वाटणार नाही? दुसरा आक्षेप शिक्षकांचा, आणि तो अधिक गंभीर आहे. निवडणुका, जनगणना, पोषण आहार, सर्वेक्षणे, ऑनलाइन माहिती भरणे यांतून शिकविण्यालाच वेळ उरत नाही, त्यात हे नवे लचांड कोठे घ्यायचे? याला उत्तर एवढेच की नवा विषय, नवे पुस्तक, नवी परीक्षा यांपैकी काहीही मागितलेले नाही. ग्रहांच्या पाठाला जे दोन-चार तास आजही दिले जातात त्यांतला एक तास कोष्टकाऐवजी विहिरीच्या काठावर घालवावा, एवढेच मागणे आहे.

शासनाने मात्र काही केले पाहिजे. १९७२ च्या दुष्काळापासून राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा काम करीत आहे. राज्यभर तिच्या निरीक्षण विहिरी आहेत, वर्षातून ठरावीक वेळा त्यांच्या पातळ्या घेतल्या जातात, तालुक्यातालुक्याच्या खडकांची माहिती तिच्या दप्तरात आहे. ती माहिती दप्तरात का राहावी? ज्या गावात निरीक्षण विहीर आहे तेथल्या शाळेच्या भिंतीवर त्या विहिरीच्या थरांचा उभा छेद आणि पातळीचा आलेख लावण्यास फारसा खर्च येणार नाही. यंत्रणेच्या भूवैज्ञानिकाने वर्षातून एकदा त्या शाळेत यावे, हे त्याच्या कामातच धरावे. गावात बोअर घेतले जाते तेव्हा दर दहा फुटांना वर येणारी भुकटी वाऱ्यावर उडून जाते; ती चिमूटचिमूट काचेच्या बाटल्यांत भरून शाळेत ठेवली तर गावाच्या पोटाचा नमुना कायमचा हाती राहील. अध्यापक विद्यालयांतून होणाऱ्या शिक्षकांच्या प्रशिक्षणात एक दिवस खडकासाठी ठेवावा. विदर्भ-मराठवाड्यातल्या शाळांच्या सहलींना लोणारसाठी एसटीच्या भाड्यात सवलत वाढवून देण्याचा विचारही व्हावा.

एक व्यावहारिक अडचण उरते. विहिरीचे थर सर्वांत चांगले दिसतात ते मे महिन्यात, पाणी तळाला गेलेले असते तेव्हा, आणि मे महिन्यात शाळांना सुट्टी असते. जूनच्या मध्याला शाळा उघडतात आणि मृगाचा पाऊस वेळेवर आला तर पंधरा दिवसांत पाणी चढू लागते. तेव्हा हे काम शाळा सुरू होताच, पहिल्या आठवड्यातच उरकले पाहिजे: कठड्याला दोर बांधून, त्याला दर फुटाला गाठ मारून, मुलांना काठापासून हातभर दूर उभे करून, आणि विहिरीच्या मालकाला आदल्या दिवशी विचारून.